लाल बाटली, हिरवी टाकी: प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रकाशसंश्लेषी जिवाणूंवर या वेळी बरीच पत्रे आली. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते. उजेडावर जगणाऱ्या जिवाणूंची दोन मोठी घराणी आपल्या कामाची आहेत. पहिले नील-हरित जिवाणूंचे, म्हणजे स्पिरुलिना, नॉस्टॉक, अॅनाबिना यांचे. हे झाडांप्रमाणे पाणी फोडून ऑक्सिजन सोडतात. दुसरे जांभळ्या जिवाणूंचे. हे पाणी फोडत नाहीत. त्यांना लागणारे इलेक्ट्रॉन ते सेंद्रिय आम्ले, हायड्रोजन किंवा सल्फाइडमधून घेतात आणि ऑक्सिजन सोडत नाहीत. इतकेच नाही, तर ऑक्सिजन असला की त्यांचे रंगद्रव्यच तयार होत नाही. हा फरक कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नेमका मांडला. म्हणून पहिल्या घराण्याला हवा द्यायची आणि दुसऱ्याची बाटली काठोकाठ भरून बंद करायची. एकाचे नियम दुसऱ्याला लावले की काम बिघडते.

प्रश्न: कृषी सेवा केंद्रातून पीएसबीची बाटली आणली. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे अंडे आणि अजिनोमोटो घालून तीन आठवडे उन्हात ठेवले. पाणी लाल तर झालेच नाही, उलट काळे पडून भयंकर वास येतो आहे. कुठे चुकले? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

बाटलीच वेगळी आणली गेली. आपल्याकडे खताच्या दुकानात पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. थायलंड-व्हिएतनामकडच्या व्हिडिओंत त्याच तीन अक्षरांचा अर्थ प्रकाशसंश्लेषी जिवाणू असा असतो. स्फुरदवाले जिवाणू उन्हात कितीही दिवस ठेवले तरी लाल होणार नाहीत. लेबलावर जिवाणूचे शास्त्रीय नाव वाचा. बॅसिलस किंवा स्यूडोमोनास लिहिले असेल तर ते स्फुरदवाले. ऱ्होडोस्यूडोमोनास, ऱ्होडोबॅक्टर किंवा ऱ्होडोस्पिरिलम असेल तर ते जांभळ्या घराण्यातले, तुम्हाला हवे असलेले.

आता काळ्या पाण्याबद्दल. अंड्यात गंधकयुक्त प्रथिने भरपूर असतात. बाटलीतले कुजवणारे जिवाणू ती फोडतात, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सल्फाइडची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की काळे आयर्न सल्फाइड बनते. बेतात अंडे घातले तर हीच कूज उपयोगी पडते, कारण ती बाटलीतला ऑक्सिजन संपवते आणि जांभळ्या जिवाणूंना खायला छोटी आम्ले तयार करून देते. पण विरजणच, म्हणजे जिवंत जांभळे जिवाणू असलेले पाणीच, नसेल, किंवा अंडे जास्त झाले, तर फक्त कूज उरते. ती बाटली घरात उघडू नका. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, खड्ड्यात ओता आणि माती लोटा.

अंड्याशिवाय करायची सोपी आणि मोजून करता येणारी पद्धत देतो. एक लिटर पाण्याचे प्रमाण असे. ४ टक्क्यांचे साधे पांढरे व्हिनेगर ५० मिली घ्या आणि त्यात खाण्याचा सोडा २.८ ग्रॅम थोडा थोडा टाका. फसफसणे थांबले की आम्लाचे सोडियम अॅसिटेट झाले. हे जिवाणूंचे जेवण. १२:६१:०० हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम, ००:००:५० पाव ग्रॅमहून थोडे कमी, एप्सम मीठ ०.४ ग्रॅम, साधे मीठ ०.४ ग्रॅम. पावाचे कोरडे यीस्ट १ ग्रॅम थोड्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, गाळून घाला, त्यातून जीवनसत्त्वे मिळतात. उरलेले पाणीही दहा मिनिटे उकळून झाकून गार करा. उकळल्याने नळाचे क्लोरीन जाते आणि विरघळलेला ऑक्सिजनही बराचसा निघून जातो. सामू (पीएच) ७च्या आसपास असू द्या. शेवटी दहाव्या हिश्शाइतके जिवंत लाल विरजण घालून बाटली गळ्यापर्यंत भरा.

बाटली पारदर्शक प्लास्टिकची, दोन लिटरची. वीस लिटरचा कॅन वापरू नका. जिवाणू वाढू लागले की उजेड काही सेंटीमीटरच आत शिरतो आणि कॅनच्या मध्यभागी अंधारच राहतो. काचेची बाटलीही नको, कारण वायू साठून ती फुटू शकते. पहिला आठवडा रोज एकदा झाकण सैल करून पुन्हा घट्ट करा. तापमान २८ ते ३२ अंश उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी बाटली थेट उन्हात ४५ अंशांवर जाते, तेव्हा सावलीच्या जाळीखाली ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सामू तपासा. अॅसिटेट खाल्ले जाते तसा सामू चढतो आणि ९च्या वर गेला की वाढ थांबते. व्हिनेगरच्या काही थेंबांनी तो ७ ते ७.५वर आणा. पाच ते आठ दिवसांत रंग भरतो.

रंगाविषयी घाई नको. ऱ्होडोस्पिरिलम गडद लाल दिसतो, ऱ्होडोस्यूडोमोनास तपकिरी-लाल. ऱ्होडोबॅक्टर बंद बाटलीत पिवळट-तपकिरी असतो आणि हवा लागली की लाल होतो. त्यामुळे तपकिरी बाटली वाया गेली असे समजू नका.

खरे जिवाणू ओळखायला यंत्र लागत नाही. एकाच मिश्रणाच्या दोन बाटल्या भरून बंद करा, एक तशीच उजेडात ठेवा, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून तिच्याच शेजारी ठेवा. उजेडातली लाल झाली आणि गुंडाळलेली फिकी राहिली, तर रंग प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचा. दोन्ही सारख्याच लाल असतील तर रंग दुसऱ्या कशाचा तरी आहे. विकतच्या बाटलीत नुसता रंग मिसळल्याची शंका असेल, तर तिचा एक भाग ताज्या जेवणाच्या नऊ भागांत घालून उजेडात ठेवा. जिवंत विरजण आठवड्यात पुन्हा पहिल्याइतके लाल होते. रंग मिसळलेला असेल तर दहापट फिका पडतो आणि तसाच राहतो.

प्रश्न: हे लाल पाणी किती वापरायचे, आणि त्यामुळे युरिया किती कमी करता येईल? (भाजीपाला उत्पादक, जुन्नर)

युरिया कमी करण्याचा विचार या भरवशावर करू नका. हिशेब सरळ आहे. वर दिलेल्या मिश्रणातून लिटरमागे कोरड्या पेशी साधारण १ ते १.५ ग्रॅम मिळतात आणि त्यात नत्र सुमारे एक दशांश ग्रॅम. पाव ग्रॅम युरियात याहून जास्त नत्र असते. या जिवाणूंचा उपयोग खत म्हणून नाही. त्यांच्यापासून ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल आणि इतर काही वाढवर्धके मिळतात, आणि पाणी साचलेल्या भाताच्या मुळांशी जमणारा सल्फाइड ते वापरून टाकतात. भातात आणि मत्स्यतळ्यांत त्यांचा अभ्यास जास्त झाला तो यामुळेच. जपानमध्ये मिचिहारू कोबायाशी यांनी सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी हे जिवाणू वापरण्यावर अनेक वर्षे काम केले.

करून पाहायचे असेल तर एक लिटर लाल पाणी शंभर लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी मुळाशी द्या आणि शेजारच्या दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवा. त्या कोऱ्या ओळींना तेच जेवण, पण जिवाणूंशिवाय, तितक्याच पाण्यात द्या. नाहीतर फरक जिवाणूंनी पाडला की बाटलीतल्या १२:६१ने, हे कधीच कळणार नाही. तांब्याच्या बुरशीनाशकाची फवारणी किंवा आळवणी झाली असेल तर काही दिवस थांबा. आणि अंड्यावर वाढवलेले पाणी कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या पानांवर कधीही फवारू नका. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला येऊ शकतो आणि तो त्या बाटलीत आरामात टिकतो.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तलावाच्या गाळातून जांभळे जिवाणू वेगळे करते आहे. पोषक माध्यम बरोबर आहे, बाटल्या बंद आहेत, २४ तास पांढऱ्या एलईडीखाली ठेवल्या आहेत. दोन आठवडे झाले तरी रंग अगदी फिका. (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

दिवा बदला. या जिवाणूंचे प्रकाश पकडणारे रंगद्रव्य, बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए, पेशीत असताना मुख्यतः ८०० ते ८९० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या एलईडीचा उजेड ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपतो. तुमच्या बाटलीला आपण लख्ख उजेड दिला असे वाटते, पण जिवाणूंच्या वाट्याला त्यातला कॅरोटिनॉइड या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांनी पकडलेला निळा-हिरवा भागच येतो. म्हणून वाढ अगदी थांबत नाही, पण रेंगाळते.

जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब ३० ते ४० सेंटीमीटरवर लावा. त्याची बहुतांश ऊर्जा अवरक्त असते, ती एरवी वाया जाते, इथे कामाला येते. बल्ब आणि बाटलीमध्ये काचेचे चपटे पाण्याचे भांडे ठेवले तर उष्णता अडते. तारेचा बल्ब मिळत नसेल तर सीसीटीव्हीसाठी मिळणारा ८५० नॅनोमीटरचा अवरक्त दिवा घ्या, ९४०चा नको. तो चालू आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरा, पडद्यावर जांभळट ठिपके दिसतील. त्या दिव्याकडे जवळून टक लावून पाहू नका.

माध्यमाचे प्रमाण पुन्हा ताडून पाहा. लिटरला यीस्ट अर्क ०.३ ग्रॅम, सोडियम सक्सिनेट १ ग्रॅम, सोडियम अॅसिटेट ०.५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.४ ग्रॅम, मीठ ०.४ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड ०.४ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०५ ग्रॅम, ०.१ टक्का फेरिक सायट्रेटचे द्रावण ५ मिली, सूक्ष्ममूलद्रव्ये १ मिली, सामू ६.८. कॅल्शियम वेगळे ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) शेवटी घाला. फॉस्फेटबरोबर तापवले की पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

गाळ ५ ते १० ग्रॅम पुरे. प्रकाशाकडच्या काचेवर तपकिरी-लाल थर आला की तिथलाच भाग पिपेटने उचलून नव्या बाटलीत न्या, असे तीनदा करा. मग प्लेटवर, म्हणजे बशीतल्या घट्ट माध्यमावर, पसरवा. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. जांभळ्या जिवाणूंपैकी अनेक जण हवेतही वाढतात, पण तेव्हा ते रंगद्रव्य बनवत नाहीत. हवेतल्या प्लेटवरच्या फिक्या वसाहती "आपल्या नव्हेत" म्हणून फेकल्या जातात आणि त्यांतच हवा असलेला जिवाणू असतो. प्लेट ऑक्सिजनविरहित जारमध्ये, दिव्यासमोर ठेवा.

ओळख पटवायला पेशी ६० टक्के साखरेच्या द्रावणात मिसळून ४०० ते ९५० नॅनोमीटरपर्यंत शोषण मोजा. साध्या पाण्यात पेशी प्रकाश इतका विखुरतात की शिखरे बुजतात. ८०० आणि ८५० ते ८८०च्या दरम्यान शिखरे दिसली तर खात्री. ४५० ते ५५०मधले उंचवटे कॅरोटिनॉइडांचे असतात आणि ते इतर कितीतरी जिवाणूंतही दिसतात, त्यावर निष्कर्ष लिहू नका. तुलनेसाठी नोंदणीकृत वाण हवा असेल तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडे विभागप्रमुखांच्या पत्राने चौकशी करा.

प्रश्न: आमच्या बचत गटाची १० बाय ५ फुटांची स्पिरुलिनाची टाकी आहे. महिन्यापूर्वी पाणी निळसर-हिरवे होते, आता पोपटी झाले आहे आणि कापडातून सगळेच खाली जाते. (बचत गट, लातूर)

टाकी क्लोरेला या सूक्ष्म हिरव्या शेवाळाने बळकावली आहे. स्पिरुलिनाचे वेटोळे धागे असतात, ते ३० ते ५० मायक्रॉनच्या कापडावर अडकतात. क्लोरेला गोल आणि जेमतेम काही मायक्रॉनची, ती सरळ पार होते. जवळच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तरी फरक लगेच दिसेल.

कारण बहुधा सोडा कमी पडला हे आहे. स्पिरुलिना आपली जागा राखते ती खारट, अल्कधर्मी पाण्याच्या जोरावर. स्पिरुलिनासाठी झारुक यांनी ठरवलेल्या मूळ माध्यमात लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, असते. त्याशिवाय सोडियम नायट्रेट २.५, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५, पोटॅशियम सल्फेट १, मीठ १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.०४, ईडीटीए ०.०८ आणि फेरस सल्फेट ०.०१ ग्रॅम. तुमच्या टाकीत २० सेंटीमीटर पाणी धरले तर ९०० लिटरच्या आसपास होते, म्हणजे सोडा साधारण १५ किलो. खर्च वाचवायला तो कमी केला तरी लिटरला ८ ग्रॅमच्या खाली जाऊ नका आणि सामू ९.५ ते १०.५मध्ये ठेवा. पावसाचे पाणी आत आले असेल तर तेही पुरेसे कारण आहे.

नत्रासाठी युरिया टाकत असाल तर हात आखडता घ्या. युरियातून अमोनिया सुटतो आणि सामू ९.३च्या वर गेला की त्यातला निम्म्याहून अधिक मुक्त अमोनियाच्या रूपात असतो. तो पेशींना मारतो. सकाळी मूठभर युरिया टाकला आणि संध्याकाळी टाकी पिवळी पडली, हा प्रकार यातूनच होतो.

ही टाकी वाचवण्यात वेळ घालवू नका. रिकामी करा, घासा, उन्हात दोन दिवस वाळवा. नवे विरजण आधी बादलीत, मग टाकीच्या एका कोपऱ्यात आडोसा करून, असे टप्प्याटप्प्याने वाढवा. विरळ पाण्यावर कडक ऊन पडले की पेशी पांढऱ्या पडतात, म्हणून सुरुवातीला ५० टक्क्यांची जाळी लावा. दिवसातून निदान चार-पाच वेळा ढवळा, म्हणजे तळाच्या धाग्यांनाही वर उजेडात यायला मिळते. काठीला पांढरी चकती लावून पाण्यात बुडवा. ३ सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली की काढणी करा, ५-६वर दिसू लागली की थांबा. काढणी पहाटे करा. कापडावरचा लगदा गोड्या पाण्यात एकदाच पटकन धुवा, जास्त धुतले तर पेशी फुटून निळा रंग वाहून जातो. मग शेवयांच्या साच्यातून पातळ शेवया पाडून सावलीच्या वाळवणीत, ६० अंशांच्या खाली, त्याच दिवशी वाळवा. चांगल्या दिवसांत चौरस मीटरमागे ५ ते ८ ग्रॅम कोरडा माल मिळतो, म्हणजे तुमच्या टाकीतून रोज २० ते ३५ ग्रॅम. कुणी रोज अर्धा किलोचे गणित मांडून यंत्र विकत असेल तर परत पाठवा.

दोन गोष्टी ग्राहकांच्या दृष्टीने. विरजण म्हणून तलावातला हिरवा तवंग कधीच घेऊ नका, त्यात यकृताला घातक विष बनवणारा मायक्रोसिस्टिस असू शकतो. आणि पाकिटावर "शाकाहारी बी-१२" लिहू नका. स्पिरुलिनात असते ते बहुतांशी छद्म बी-१२, माणसाच्या शरीरात ते चालत नाही. ज्यांची बी-१२ची गोळी त्या पाकिटामुळे बंद होईल, त्यांचे खरेच नुकसान होईल.

प्रश्न: कोकणातल्या खाचरात नील-हरित शेवाळ टाकले, काहीच दिसले नाही. (भात उत्पादक, कुडाळ)

नाव शेवाळ असले तरी हे पहिल्या घराण्यातले नील-हरित जिवाणूच. भातखाचराला नत्र पुरवणारे हेच जीव आहेत, हे पी. के. डे यांनी १९३९ साली बंगालच्या शेतांवरील संशोधनातून दाखवले आणि बनारसमध्ये आर. एन. सिंह यांनी ऊसर (क्षारपड) जमिनी सुधारण्यासाठी ते वापरले. त्या जमिनी अल्कधर्मी होत्या. तुमची जांभ्याची माती आम्ल आहे, सामू ५ ते ६च्या दरम्यान, आणि या जीवांना ७ किंवा त्याहून थोडा वर लागतो. शिवाय जुलैच्या मुसळधार पावसात वर तरंगणारा थर बांधावरून वाहून जातो.

लावणीआधी माती परीक्षणानुसार चुना आणि सुपर फॉस्फेट द्या, स्फुरदाशिवाय हे वाढत नाहीत. लावणीनंतर ७ ते १० दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की, हेक्टरी १० किलो कोरडे शेवाळ ३-४ सेंटीमीटर उभ्या पाण्यावर भुरभुरा आणि पाणी अडवून धरा. त्याच आठवड्यात युरियाचा हप्ता देऊ नका, आयते नत्र मिळाले की अॅनाबिना आणि नॉस्टॉक नत्र बांधणाऱ्या खास पेशी बनवणेच थांबवतात. शेवाळ घरी वाढवायचे तर २ मीटर बाय १ मीटरच्या उथळ खड्ड्यात प्लास्टिक अंथरून ८ ते १० किलो माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, चुन्याने सामू ७, वर ५ ते १५ सेंटीमीटर पाणी, गाळ बसल्यावर विरजण. हे एप्रिल-मेमध्ये उरका. दोन आठवड्यांत जाड साय येते, पाणी आटू द्या, पापुद्रे गोळा करा. गोगलगायी दिसल्या तर हाताने वेचा, त्या रातोरात थर फस्त करतात.

प्रश्न: पवई तलावात सापडलेल्या वेगवान जिवाणूबद्दल वाचले. तो इतका वेगाने वाढत असेल तर त्यापासून रसायने का बनत नाहीत? (शिक्षक, ठाणे)

तो सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१. आयआयटी मुंबईत प्रमोद वांगीकर यांच्या गटाने त्याचे वर्णन २०१८ साली प्रसिद्ध केले. पीसीसी म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संग्रह. साध्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर त्याची संख्या २.३ तासांत दुप्पट होते आणि बाहेरचा डीएनए तो आपणहून आत घेतो, त्यामुळे जनुके बदलणे सोपे जाते. त्याच्यापासून सक्सिनिक आम्ल बनवण्याचे कामही झाले आहे.

२.३ तासांनी दुप्पट म्हणजे २३ तासांत हजारपट, असा हिशेब कागदावर होतो. पण हा वेग पाणी विरळ असेपर्यंतच. पेशी दाटल्या की वरचा थर खालच्यावर सावली धरतो आणि मग वाढ जिवाणूच्या क्षमतेवर नाही, तर टाकीच्या पृष्ठभागावर किती ऊन पडते यावर ठरते. वेगवान वाण घेतला म्हणून चौरस मीटरवरचे ऊन वाढत नाही.

दुसरी अडचण जनुकांची. या पेशीत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात. नवे जनुक एका प्रतीत बसले तरी बाकीच्या जुन्याच राहतात. प्रतिजैविकाची मात्रा वाढवत प्लेटवर पुन्हा पुन्हा रेघाटून, दरवेळी पीसीआर या डीएनए चाचणीने जुनी प्रत उरली नाही ना हे पाहावे लागते. त्यात घाई केली तर महिन्याभरात जुनी प्रत परत वर येते. शिवाय उत्पादन बनवणारी पेशी आपला कार्बन बाहेर टाकते, म्हणून हळू वाढते. एखादीत उत्परिवर्तनाने ते जनुक बंद पडले की ती वेगाने वाढून टाकी व्यापते. शाळेतल्या मुलांना वाढ मोजून दाखवायची असेल तर एक बारकावा: घनता ७३० नॅनोमीटरवर मोजा. ६२०वर फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य आणि ६८०वर क्लोरोफिल शोषून घेते, आकडा फसवतो.

उद्योगात जे यशस्वी झाले ते पाहा. जपानच्या कॉस्मो ऑइलने ऱ्होडोबॅक्टर स्फिरॉइडिसच्या उत्परिवर्तित वाणापासून ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल बनवले, पण अंधाऱ्या किण्वन टाकीत. तो वाण उजेडाशिवायच हे आम्ल साठवतो असा निवडला होता. कोएन्झाइम क्यू-१० देखील याच जिवाणूपासून अंधारात बनते. उजेडात वाढवून बाजारात टिकलेले ठळक उदाहरण स्पिरुलिनाचा निळा रंग फायकोसायनिन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) खाऊच्या गोळ्या-च्युइंगममध्ये त्याला २०१३ साली मान्यता दिली. त्याची किंमत इतकी आहे की उथळ टाक्यांचा खर्च परवडतो. स्वस्त रसायनाला तो परवडत नाही, म्हणून संशोधक आज एकीकडे पेशीतली प्रकाश पकडणारी रचना लहान करून उजेड खोल पोहोचवण्याचा प्रयत्न करत आहेत आणि दुसरीकडे महागडी उत्पादने शोधत आहेत.

प्रश्न: साखर कारखान्याच्या स्पेंटवॉशवर (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर) जांभळे जिवाणू वाढवून हायड्रोजन मिळवता येईल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अहिल्यानगर)

तत्त्व पक्के आहे. ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम उजेडात हायड्रोजन सोडतो हे गेस्ट आणि केमेन यांनी १९४९ सालीच दाखवले. हे काम नायट्रोजनेज हे विकर करते. नत्र बांधायला मिळाले नाही की ते इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर टाकते. एका हायड्रोजन रेणूमागे पेशीतल्या ऊर्जावाहक एटीपीचे चार रेणू खर्च होतात आणि ते उजेडातून येतात. अॅसिटिक आम्लाच्या एका रेणूतून जास्तीत जास्त चार हायड्रोजन, म्हणजे एका ग्रॅममधून साधारण १.६ लिटर वायू. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरइतक्या उष्णतेसाठी, एक थेंबही वाया न जाता, सुमारे ४० किलो अॅसिटिक आम्ल लागेल. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग पेशींच्या वाढीत आणि पीएचबी या साठवणीच्या पदार्थात जातो.

स्पेंटवॉशची मुख्य अडचण त्याचा रंग आहे. त्यातले मेलॅनॉइडिन इतके गडद तपकिरी असते की उजेड वरच्या थरातच संपतो. दहापट पातळ केला तर उजेड शिरतो, पण मग तितकीच मोठी टाकी आणि तितकेच पाणी लागते. दुसरी अडचण अमोनियाची. अमोनियम दिसताच नायट्रोजनेज काम थांबवते. म्हणून प्रयोगशाळेत नत्रासाठी ग्लुटामेट देतात, तोच जो अजिनोमोटोत असतो, आणि बाटलीतली हवा आर्गॉनने हाकलतात. तिसरी बाब, याच जिवाणूंत सोडलेला हायड्रोजन परत खाणारे हायड्रोजनेज असते. ते जनुक काढलेला वाण घेतला तर मोजमापे सुधारतात.

प्रकल्पासाठी स्पेंटवॉश सोडा. मॅलेट आणि ग्लुटामेटवर २५० मिलीच्या बाटलीपासून सुरुवात करा, बुचातून सुई घालून वायू उलट्या मोजपात्रात अल्कलीवरून न्या म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल आणि उरलेला हायड्रोजन मोजता येईल. रबरी नळ्यांतून तो निसटतो, जाड ब्युटाइल रबर वापरा. जवळपास ज्योत नको. कारखान्याच्या स्पेंटवॉशसाठी आजच्या घडीला बायोगॅस हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्याला उजेड लागत नाही.

प्रश्न: २०२० साली लोणार सरोवर गुलाबी झाले ते याच जांभळ्या जिवाणूंमुळे का? (वाचक, मेहकर)

नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हा ते फोफावले आणि पुढे त्यांचा जैवभार तळाशी बसून पाणी पुन्हा निवळले. हे जिवाणूही नव्हेत, त्यांचा वंश वेगळा. त्यांचा लाल रंग बॅक्टेरिओरुबेरिनचा, त्यात क्लोरोफिल नसते. लोणारचे नेहमीचे हिरवे पाणी मात्र आपल्या पहिल्या घराण्याचे, स्पिरुलिनाच्या जवळच्यांचे.

फरक पाहायचा असेल तर लाल पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कडेने ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब सोडा. हॅलोआर्कियाच्या पेशी मिठाच्या दाबावरच तग धरून असतात, गोडे पाणी पोहोचताच त्या फुटून नाहीशा होतात. गोड्या तलावातल्या जांभळ्या जिवाणूंना त्याने काहीच होत नाही.